हवा काढताना

ईरीत नोव्हेंबर लागला की रस्त्यांवर मीठ पडतं,
एप्रिलपर्यंत पडत राहतं.
बावीस वर्षं मी इथलं मीठ खाल्लं,
गाडीने तेरा.
मी मिठाला जागले.
गाडी गंजली.

आता ऑगस्ट. गॅरेजचं दार अर्धं वर,
पुढच्या चाकांचे दोन्ही कॅलिपर टेबलावर,
खाली रविवारचा पेपर.
दट्टे हवेच्या पंपाने काढले,
फट् करून लाकडावर आदळले,
नव्या रबरी कड्या बसवल्या, खोबणी घासल्या.
सगळ्यांनी ऐकलं माझं.
उजव्याचा ब्लीडर निपल सोडून.

करंगळीच्या पेराएवढा तो.
डोक्याचे सहाही कोन गुळगुळीत:
कुणीतरी चुकीचा पाना लावला होता
(मीच, दोन वर्षांपूर्वी, घाईत).
त्याला तेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
सकाळी टॉर्चची निळी ज्योत दाखवली,
हातोडीने डोक्यावर टिचक्या मारल्या.
मग पाना फिरला,
आणि दोन सेकंद मला फार बरं वाटलं.
निपल फिरला नव्हता.
तुटला होता.

शेजारचे कॅसिमिर,
इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथपाशी उभे,
कुंपणावरून वाकून म्हणाले,
"जोर केलास तर जिंकशील. पण आटे जातील."
घरात जाऊन चिंधीत गुंडाळलेलं
एक डावखुरं ड्रिल घेऊन आले.
उलटं फिरतं ते.
घरघर, धूर, चिमूटभर लाल भुकटी,
आणि मग पोखरता पोखरताच
आतलं बूड आपणहून सुटून टोकावर गरगरायला लागलं,
जणू तेही कंटाळलं होतं.
आटे शाबूत. तळातली बैठक शाबूत.
पुडीतला नवा निपल
मी नुसत्या बोटांनी आत नेला.

मग शाल्मलीला हाक मारली.
अकरा दिवसांनी ही गाडी घेऊन ती पिट्सबर्गला जाणार.
मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर,
सहावीपासून हेच चाललंय आमचं.
ती पेडलवर, मी चाकापाशी,
मधे अख्खी गाडी.

"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलंय."
मी निपल पाव फेरा उघडते, आवळते.
"सोड."
"सोडलं, आई."

चाळीस वेळा. अर्धी बाटली ब्रेक ऑइल संपलं.
नळीत एक बुडबुडा नाही,
आणि पेडल तरी भिजल्या गादीसारखं खाली जातंय.
कुठेतरी काहीतरी मुरतंय.
पुन्हा दाब, धर, सोड.
तिचा पाय दुखला, माझं डोकं.
कॅसिमिर आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.
"निपल खाली कसा?"

डावा कॅलिपर उजवीकडे. उजवा डावीकडे.
हवा वर बसते,
आणि मी तासभर तिला
तळघराच्या दारातून बोलावत होते.
शाल्मली स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसली,
हॉर्न वाजला,
ती आणखी हसली.

अदलाबदल केली. सगळं पहिल्यापासून.
या वेळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत
काकवीच्या रंगाचं तेल आलं,
त्यात हवा:
आधी एक जाडा बुडबुडा,
मग मोहरीएवढे,
मग काही नाही.
"आई," आतून आवाज आला, "आता कडक लागतंय."
कडक. हा शब्द तिला कुठून आठवला?
पापडाकडून असेल.

तुझं जाणं ठरलेलंच.
हवं तिथे थांबता यावं,
एवढंच माझ्या पान्यात होतं.
हे मी बोलले नाही. हात तेलकट होते.

शेवटी पुडीतली ती रबरी टोपणं.
एक कधीतरी गळून पडलं
आणि तिथून पाणी, मीठ, गंज, हा सगळा रविवार.
दोन्ही निपलांवर ती चढवली,
अंगठ्याने कडा दाबत,
टोपडं बांधताना
हनुवटीखालची गाठ पुन्हा पुन्हा चाचपतात, तशी.